कोंबडीचा विषाणू, जिवाणूच्या पोटात

मंडळी, या वीकेंडचा विषय आहे कोंबडी. पण गावरान रस्सा नव्हे (त्यावर लिहायला बसलो तर सोमवार उजाडेल!). विषय आहे कोंबडीचा एक विषाणू, आणि काही लोकांनी तो चक्क एका जिवाणूच्या आत नेऊन ठेवला त्याची हकीकत.

सुरुवात बीड जिल्ह्यापासून करू. आष्टी, पाटोदा, गेवराई या भागात पावसाचा भरवसा नाही. दिवाळीच्या आसपास कितीतरी घरांतली माणसं ऊसतोडीला निघून जातात. अशा ठिकाणी कोंबड्या हा जोडधंदा बरा पडतो. कोणी अंड्यांसाठी लेअर पक्षी पाळतं, कोणी कंपनीशी करार करून ब्रॉयलर वाढवतं, आणि दारात चार-सहा गावरान कोंबड्या तर पुष्कळ घरी असतात.

आता अंड्यांच्या धंद्याचं गणित बघा. एक दिवसाचं पिल्लू विकत आणायचं आणि साधारण १८ ते २० आठवडे त्याला नुसतं खायला घालायचं. तोवर अंडं एकही नाही, पैसे फक्त जाणार. आणि नेमका याच सुमाराला एक रोग डोकं वर काढू शकतो. कोंबडी लंगडते, एक पाय पुढे आणि एक मागे पसरून बसते, वाळत जाते, मरते. फाडून पाहिलं तर पायाकडे जाणारी नस सुजून दोरीसारखी जाड झालेली, आणि यकृतात, प्लीहेत, अंडाशयात गाठी. कॅन्सरच्या गाठी. याचं नाव मॅरेक्स. मानमोडी, म्हणजे राणीखेत, काही दिवसांत निकाल लावते. मॅरेक्स मात्र पक्षी सगळं खाद्य खाऊन मोठा झाला की निकाल लावतो!

बर्ड फ्लू आला की बातमी होते. २००६ मध्ये नवापूरची झाली, २०२१ च्या जानेवारीत बीड जिल्ह्यात मेलेल्या कावळ्यांची झाली. मॅरेक्सची बातमी कधीच होत नाही. एक तर तो माणसाला होत नाही. आणि दुसरं, लेअरचं पिल्लू हॅचरीतून बाहेर पडायच्या आधीच त्याच्या मानेच्या कातडीखाली लस टोचलेली असते. पुढच्या लासोटा, गंबोरो, देवी वगैरे लसी शेतकरी स्वतः देतो. ही एकच लस त्याच्या नजरेला पडत नाही, आणि तीच त्याची चार-पाच महिन्यांची गुंतवणूक सांभाळते.

तर आज या न दिसणाऱ्या लसीमागच्या विषाणूचा इतिहास. आपल्या धंद्यातल्या लोकांना तो जास्त जवळचा वाटेल, कारण त्यात बॅकअप आहे, बग आहे, आणि एक बग चक्क उपयोगी पडलेला आहे.

बुडापेस्टचे चार कोंबडे

१९०७ साली बुडापेस्टमधले पशुवैद्यकाचे प्राध्यापक योझेफ मॅरेक यांनी चार कोंबड्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. चौघांचे पाय आणि पंख लुळे पडले होते. मॅरेकना त्यांच्या नसा सुजलेल्या दिसल्या आणि त्यांनी त्याला नसांचा दाह म्हटलं. कॅन्सरचा विषय तेव्हा निघालाच नव्हता.

पुढची पन्नास वर्षं गोंधळातच गेली. गाठींचा दुसराही एक रोग कोंबड्यांना होतो, तो वेगळ्याच विषाणूमुळे. दोन्ही एकाच टोपलीत टाकले गेले. मग दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका-युरोपात हजारो पक्षी एका छपराखाली ठेवायची पद्धत आली आणि मॅरेक्सने अक्षरशः थैमान घातलं. आता मात्र शोध घेणं भागच होतं. इंग्लंडमध्ये हॉटन इथल्या कुक्कुट संशोधन केंद्रात चर्चिल (युद्धवाले नव्हेत!) आणि पीटर बिग्ज यांनी १९६७ मध्ये गुन्हेगार पकडला. तो निघाला हर्पीस कुळातला विषाणू, म्हणजे आपल्याला कांजिण्या देणाऱ्या विषाणूचा लांबचा नातेवाईक.

आणि मग गाडी सुसाट सुटली. १९६९ मध्ये हॉटनच्याच मंडळींनी हा विषाणू प्रयोगशाळेत पिढ्यान् पिढ्या वाढवून नरम केला आणि त्याची लस केली. जवळपास त्याच वेळी अमेरिकेत ईस्ट लान्सिंगच्या प्रयोगशाळेत रिचर्ड विटर आणि सहकाऱ्यांना टर्कीमध्ये एक निरुपद्रवी चुलतभाऊ सापडला. तो कोंबडीला टोचला की मॅरेक्सच्या गाठी होत नाहीत. हाच तो एचव्हीटी, टर्कीचा हर्पीस विषाणू. कॅन्सर रोखणारी जगातली पहिली यशस्वी लस माणसासाठी नव्हती, कोंबडीसाठी होती. माणसाची हिपॅटायटिस-बीची लस १९८० च्या दशकात आली, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची २००६ मध्ये.

आपल्याकडचा काळ जुळवून बघा. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढे पुणे हे या उद्योगाचं मोठं केंद्र बनलं. १९८२ मध्ये अंड्याचा भाव उत्पादकांनीच ठरवावा म्हणून राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. हजारो पक्ष्यांची शेड, कंपनीचं पिल्लू, कंपनीचं खाद्य हे सगळं ज्या काळात रुजलं, तो काळ मॅरेक्सची लस हाताशी आल्यानंतरचा आहे. ती नसती तर इतके पक्षी एकत्र ठेवण्याची हिंमत किती जणांनी केली असती, शंकाच आहे.

विषाणूही शिकतो

पण गोष्ट इथे संपत नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी असे विषाणू सापडायला लागले की एचव्हीटी घेतलेल्या कोंबड्याही आजारी पडायच्या. मग एचव्हीटीच्या जोडीला दुसरा सौम्य विषाणू दिला, एसबी-१ नावाचा. काही वर्षं बरी गेली. १९९० च्या दशकात त्यालाही न जुमानणारे आले. तेव्हा नेदरलँड्समधून १९७० च्या दशकात आलेल्या रिस्पेन्स लसीकडे अमेरिकाही वळली. १९९७ मध्ये विटरनी अनेक वर्षांचे नमुने तपासून विषाणूची चढती भाजणीच मांडली: सौम्य, जहाल, अतिजहाल आणि त्याहून जहाल.

प्रश्न उघड होता. विषाणूत नेमकं काय बदलतंय? कुठल्या जनुकामुळे गाठी होतात? कुठल्यामुळे तो पसरतो?

उत्तर काढायची रीत आपल्याला माहीत आहे. एक ओळ बदला, प्रोग्राम चालवा, काय बिघडतं ते बघा. विषाणूचा कोडही फार मोठा नाही. साधारण १,८०,००० अक्षरं. अक्षरं चारच प्रकारची, म्हणजे अक्षरामागे दोन बिट. हिशोब केला तर सगळा विषाणू ४५ किलोबाइटमध्ये बसतो! मोबाइलवरचा एक फोटो याच्या कितीतरी पट असतो.

पण ही रीत इथे चालेना. एक तर काचेच्या बशीत हा विषाणू पेशीच्या बाहेर येतच नाही. एका पेशीतून शेजारच्या पेशीत असा भिंतीला भोक पाडून जातो. त्यामुळे बदललेला विषाणू आणि मूळचा विषाणू एकमेकांत मिसळले की निवडून वेगळे करणं महाकठीण. दुसरं म्हणजे बशीत वाढवत राहिलं की तो आपोआप बदलतो. लस त्यामुळेच तयार झाली होती, पण प्रयोगासाठी ती शिक्षा होती. तुम्ही एक जनुक बदलून दोन महिन्यांनी निकाल बघता, तोवर आणखी कुठे काय बदललं कोणाला ठाऊक? गाठी झाल्या नाहीत, ते तुम्ही काढलेल्या जनुकामुळे की नकळत झालेल्या दुसऱ्याच बदलामुळे?

थोडक्यात, कोड सगळा लाइव्ह सर्व्हरवर, आणि रिपॉझिटरी नाही. जुन्या आवृत्तीकडे परत जायची सोय नाही. अशा ठिकाणी कोणी कितीही हुशार असो, 'या बदलामुळेच हे झालं' असं छातीठोकपणे सांगू शकत नाही.

जिवाणूची तिजोरी

तिजोरी सापडली ती भलत्याच ठिकाणी. ई. कोलाय हा आपल्या आतड्यातला साधा जिवाणू. काही ई. कोलायमध्ये मुख्य डीएनएशिवाय एक जादा गोल तुकडा असतो, त्याला एफ प्लाझ्मिड म्हणतात. त्याची खासियत अशी की पेशीत त्याच्या एक-दोनच प्रती राहतात आणि पेशी दुभंगली की दोन्हीकडे नीट वाटल्या जातात. प्रती कमी म्हणजे तुकड्यांची आपापसात सरमिसळ कमी. १९९२ मध्ये कॅलटेकमध्ये हिरोआकी शिझुया, मेल्विन सायमन आणि सहकाऱ्यांनी याच तुकड्याचं वाहन केलं आणि त्यात लाखो अक्षरांचा परका डीएनए भरून दाखवला. नाव पडलं बॅक्टेरियल आर्टिफिशियल क्रोमोसोम, लाडाने 'बॅक'. मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पाने पुढे आपला डीएनए याच पिशव्यांमध्ये भरून ठेवला होता.

१९९७ मध्ये म्युनिकच्या गटाने उंदराचा एक हर्पीस विषाणू सगळाच्या सगळा बॅकमध्ये बसवला, आणि बाहेर काढून जिवंत करून दाखवला. मग कोंबडीच्या विषाणूची पाळी आली.

ते काम झालं जर्मनीच्या रीम्स बेटावर. बाल्टिक समुद्रातल्या या बेटावर १९१० पासून विषाणूंचा अभ्यास चालू आहे (लोफ्लर नावाच्या शास्त्रज्ञाने जनावरांच्या लाळ्या-खुरकुतासाठी हे बेट निवडलं; रोग बाहेर जाऊ नये म्हणून भोवती पाणी!). तिथे क्लाउस ऑस्टररीडर यांच्या गटाने २००० साली मॅरेक्सचा विषाणू बॅकमध्ये आणला.

कृती ऐका. विषाणूतलं यूएस-२ नावाचं एक बिनमहत्त्वाचं वाटणारं जनुक निवडलं. त्याच्या दोन्ही बाजूंची अक्षरं एफ प्लाझ्मिडच्या तुकड्याच्या दोन टोकांना जोडली. हा तुकडा विषाणूबरोबर कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींत सोडला. सारखी अक्षरं एकमेकांना ओळखतात आणि पेशीच अदलाबदल करून टाकते: यूएस-२ बाहेर, एफ आत. मग त्या पेशींतला डीएनए काढून विजेच्या झटक्याने ई. कोलायमध्ये घातला. ज्या जिवाणूत विषाणूचा अख्खा गोल गेला, तो निवडून वाढवला.

आता गंमत बघा. जिवाणूला या कोडचा अर्थच कळत नाही. त्याच्या लेखी ती एक फाइल. तो न वाचता, न चालवता तिची नक्कल करत राहतो. विषाणू तिथे मेलेलाही नाही आणि जिवंतही नाही. हवा तेव्हा डीएनए काढा, कोंबडीच्या पेशीत टाका, काही दिवसांत विषाणू हजर! आणि बदल करायचा तर जिवाणूतच करायचा, तपासायचा, मूळ प्रत बाजूला तशीच. रीम्सच्या गटाने लगेच एक जनुक उडवून दाखवलं, ग्लायकोप्रोटीन-बी नावाचं. त्याच्याविना विषाणूला एका पेशीतून दुसरीत जाता येईना. ते प्रथिन बनवणाऱ्या पेशी पुरवल्या, तर जाता आलं. कारण आणि परिणाम, दोन्ही एका टेबलावर.

सगळं चालतंय, पण पसरत नाही

रीम्सची पहिली प्रत बशीत ८० वेळा वाढवून नरम झालेल्या विषाणूची होती. खरी कसोटी होती गाठी करणारा जहाल विषाणू बॅकमध्ये आणण्याची. ती इंग्लंडमध्ये कॉम्प्टनच्या संस्थेत मूळचे केरळचे असलेले वेणुगोपाल नायर यांच्या गटाने २००४ मध्ये पार केली. आरबी-१बी नावाचा अतिजहाल विषाणू बॅकमधून बाहेर आला, कोंबडीला टोचला, आणि गाठी झाल्या. म्हणजे प्रत अस्सल.

अस्सल? टोचलेल्या कोंबड्यांबरोबर निरोगी कोंबड्या ठेवल्या, तर त्यांना काहीच होईना. मॅरेक्स तर पिसांच्या मुळाशी तयार होतो, कोंड्यातून हवेत जातो, शेडच्या धुळीत महिनोन् महिने टिकतो आणि श्वासातून पुढच्या पक्ष्यात शिरतो. हा विषाणू पिसांच्या मुळापर्यंत पोचत होता, पुढे मात्र जात नव्हता.

पहिला संशय अर्थातच यूएस-२ वर. ते जनुक आपणच काढलं होतं ना? परत बसवलं. तरीही पसरेना. मग अमेरिकेत कीथ जॅरोसिन्स्की, ऑस्टररीडर आणि सहकाऱ्यांनी बॅकमधला कोड अक्षर अक्षर वाचला. तीन जनुकांत बिघाड निघाला. जनुकातली अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. एखादं अक्षर गळलं किंवा जास्तीचं घुसलं की तिथून पुढचे सगळे गट सरकतात आणि अर्थाचा अनर्थ होतो. तसंच झालं होतं. दुरुस्त्या केल्या, आणि २००७ मध्ये विषाणू पुन्हा एका कोंबडीतून दुसरीत जायला लागला. २०१० मध्ये त्यांनी एकेक शक्यता तपासून निकाल दिला: पसरण्यासाठी यूएल-१३ आणि ग्लायकोप्रोटीन-सी ही दोन जनुकं लागतातच, यूएस-२ निर्दोष!

म्हणजे बिघडलेल्या प्रतीनेच मोठी गोष्ट शिकवली. कोंबडीला मारणं आणि दुसऱ्या कोंबडीकडे जाणं ही विषाणूची दोन वेगळी कामं आहेत. एक बंद पाडून दुसरं चालू ठेवता येतं. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

गाठींचं कोडंही याच काळात सुटलं. मेक नावाचं जनुक १९९२ पासून संशयित होतं. २००४ मध्ये अमेरिकी गटाने ते काढून टाकलेला विषाणू बनवला (बॅक न वापरता, विषाणूचे एकमेकांवर चढणारे तुकडे जोडून), तर विषाणू वाढला पण गाठी नाहीत. २००६ मध्ये कॉम्प्टनच्या गटाने बॅक वापरून दाखवलं की मेकचा एका ठरावीक प्रथिनाला चिकटणारा छोटासा भाग बिघडवला तरी पुरतं. २०११ मध्ये तर विषाणूच्या एका सूक्ष्म आरएनएमधली दोन अक्षरं बदलून गाठी थांबवल्या. एक लाख ऐंशी हजारांतली दोन अक्षरं!

लस घेतलेली वाचते, शेजारीण?

आता त्या वाक्याकडे येऊ. मॅरेक्सची लस कोंबडीला गाठींपासून वाचवते, विषाणूच्या संसर्गापासून नाही. लस घेतलेली कोंबडीही जहाल विषाणू पकडते आणि कोंड्यातून सोडते. २०१५ मध्ये अँड्र्यू रीड, नायर आणि इतरांनी याचा प्रयोग प्रसिद्ध केला. सर्वांत जहाल विषाणू दिला, तर लस न घेतलेल्या कोंबड्या दहा दिवसांच्या आत मेल्या, फारसा विषाणू बाहेर टाकण्याआधीच. लस घेतलेल्या जगल्या आणि कितीतरी आठवडे तो सोडत राहिल्या. जो विषाणू आपल्या यजमानाला झटपट मारून स्वतःही संपला असता, त्याला लसीने मुदत वाढवून दिली. याचा अर्थ लसीनेच विषाणू जहाल केला असा नाही. हजारो पक्षी दाटीने ठेवण्याचाही वाटा असू शकतो. पण जहाल विषाणू टिकायला लसीची मदत होऊ शकते, एवढं नक्की. यावरून माणसांच्या लसींना नावं ठेवू नयेत. गोवर, पोलिओ, देवी यांच्या लसी प्रसारही मोठ्या प्रमाणात रोखतात.

२०२३ च्या शेवटी या गोष्टीला मागचा धागाही मिळाला. युरोप आणि आसपासच्या उत्खननांत सापडलेल्या कोंबड्यांच्या हाडांतून, सुमारे हजार वर्षांपर्यंत जुन्या, विषाणूचा कोड वाचला गेला. जुन्या विषाणूतलं मेक प्रयोगशाळेत बनवून पाहिलं तर ते अगदी मवाळ निघालं. म्हणजे हा विषाणू शतकानुशतकं कोंबडीबरोबर फारसा त्रास न देता राहत होता. जहाल झाला तो अलीकडे, आपण कोंबडी पाळायची पद्धत बदलली त्या सुमाराला.

आता पुन्हा बीडला. शेडमधल्या लेअरला लस आहे. दारातल्या गावरान कोंबडीला सहसा नाही. तिची पिल्लं खुडूक कोंबडीखाली चार-आठ अशी निघतात. मॅरेक्सची चांगली लस मिळते हजार-दोन हजार मात्रांच्या कुपीत, उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये. वितळवली की तास-दोन तासांत संपवायची, तीही पिल्लू पहिल्या दिवसाचं असताना. आठ पिल्लांसाठी हे कोण करणार? मानमोडी आणि देवीच्या लसी पुण्याला औंधच्या सरकारी संस्थेत बनतात, पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत पोचतात. मॅरेक्सच्या लसीला ती वाट सोपी नाही. आणि शेडमधल्या लस घेतलेल्या पक्ष्यांचा कोंडा वाऱ्यावर कुठे जातो, ते काही त्या कोंबडीला विचारून जात नाही.

शेडवाल्याच्या हातात काही गोष्टी आहेत: वेगवेगळ्या वयाचे पक्षी एकत्र न ठेवणं, दोन बॅचमध्ये शेड नीट धुऊन रिकामं ठेवणं, पिल्लांना पहिले आठवडे जुन्या धुळीपासून लांब ठेवणं. शंका आली तर मेलेला पक्षी तपासणीला नेणं. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

बाकीचं काम कोड वाचणाऱ्यांचं. २००६ मध्ये एचव्हीटीही बॅकमध्ये गेला. एचव्हीटीच्या पाठीवर गंबोरोचं जनुक बसवून एका टोचणीत दोन रोग रोखणाऱ्या लसी आज वापरात आहेत. २०१८ पासून क्रिस्परने थेट विषाणूतच कापाकापी करता येऊ लागलीय, म्हणजे काही कामांना जिवाणूची तिजोरीही लागत नाही. पण पसरणं थांबवणारी लस अजून यायची आहे. ती आली तर तिचा नकाशा त्या बिघडलेल्या प्रतीने काढून दिलेला असेल, ज्यात विषाणू मारू शकत होता पण शेजारणीकडे जाऊ शकत नव्हता.

तोवर शेडमधल्या कोंबडीची काळजी हॅचरी घेते, आणि दारातली कोंबडी नशिबावर. असो. पुढच्या वेळी गावरान अंड्याला जास्त पैसे मोजताना कुरकुर जरा कमी करा :)